लाल पाच

हुर्शितच्या चहाखान्यात खिडकीकडे तोंड असलेली खुर्ची बेद्री उस्ताची, म्हणजे आमच्या वस्तादाची. तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर हुर्शित त्याचा चहा आणायला हमखास विसरायचा. तसा हुर्शितचा चहा विसरलेलाच बरा, गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिल्यासारखा. पण कोणाला कुठे बसायचं असतं, एवढं त्याला कळत असे.

त्या खिडकीतून बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं चाक दिसतं. खाणीच्या पोटात, आग लागल्यावर विटांनी बुजवून टाकलेल्या बोगद्यात, बेद्रीचा मुलगा यावुझ आहे. त्याला वर आणलंच नाही. आग मारायची तर हवा तोडावी लागते, हवा तोडायची तर भिंत घालावी लागते, आणि आत कोण कोण राहिलंय याची चौकशी करत बसलं तर सगळी खाण जाते. बेद्रीने स्वतः मुकादमकीत अशा भिंती घातल्या होत्या. त्यामुळे त्याला धड कोणाशी भांडताही आलं नाही.

पुढे बायको नेफिसे गेली. लांब बुर्सा शहरात दिलेली मुलगी शेन्ग्युल आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आली आणि बापाची पेटी भरायला लागली. तो हलेना. शेवटी बापलेकीत तह झाला: जोवर तो स्वतःचं स्वतः करतोय तोवर इथे राहील, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मुकाट बुर्साला येईल. मुलगी पक्की. बापाच्या शब्दावर विसंबली नाही. दर आठवड्याला फोन करायची ती हुर्शितला. हुर्शित सांगायचा, "तुझा बाबा ओकेय खेळतोय, ऐक आवाज." आणि फोन टेबलाकडे धरायचा. सोंगट्यांचा खडखडाट ऐकून ती फोन ठेवायची. ज्याला ओकेय खेळता येतो तो माणूस शाबूत, यावर आमच्या गावात कोणाचं दुमत नाही. काही जण तर फक्त ओकेयपुरतेच शाबूत आहेत, पण नावं नकोत.

खेळ सोपा आहे. चार माणसं, चार रंग: लाल, काळा, निळा, पिवळा. प्रत्येक रंगाच्या एक ते तेरा आकड्यांच्या सोंगट्या, सगळ्या दोन-दोनदा. प्रत्येकाला चौदा मिळतात, सुरुवात करणाऱ्याला एक जास्त. समोरच्या लाकडी घोडीवर आपापला संसार मांडायचा: एका रंगाची चढती रांग, नाहीतर एकच आकडा वेगवेगळ्या रंगांत. पाळी आली की ढिगातली एक उचलायची, किंवा डावीकडच्याने टाकलेली घ्यायची, आणि नको असलेली एक उजवीकडच्याच्या पुढ्यात टाकायची. डाव सुरू होताना एक सोंगटी मधोमध उताणी ठेवतात. तिच्याच रंगाचा, एकाने चढा आकडा म्हणजे त्या डावाचा ओकेय. तो लग्नात आलेल्या थोरल्या मेहुण्यासारखा, कुठल्याही रांगेत घुसतो आणि त्याला कोणी हटकत नाही. चौदाही जागच्या जागी लागल्या की उरलेली टाकायची आणि घोडी सगळ्यांसमोर उताणी करायची. टाकलेली ती शेवटची सोंगटी खुद्द ओकेयच असेल, तर बाकीच्यांचे दुप्पट गुण कापले जातात. असा डाव साधलेला माणूस महिनाभर तेच सांगत फिरतो. केनान न्हावी तीन वर्षं सांगतोय. वस्तरा गळ्यावर ठेवून सांगतो, म्हणून सगळे ऐकतात.

बेद्रीच्या डाव्या हाताला सित्की बसायचा, खाणीतला जोडीदार. उजव्या हाताला हा केनान. समोर मुहर्रेम, जो पेन्शनीत आल्यापासून फक्त "हं" म्हणतो.

बेद्रीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरने सांगितलं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपा. त्याने ते कोणाला सांगितलं नाही आणि जपलंही नाही. आधी निळा आणि काळा एक झाले. मग लालही त्यात बुडाला. पिवळा तेवढा काही दिवस मिणमिणत राहिला, मग तोही गेला. आकड्यांची पंचाईत नव्हती. सोंगट्यांवर आकडे कोरलेले असतात, आणि अंधारात खडक चाचपण्यात जन्म घालवलेल्या अंगठ्याला ते सहज वाचता यायचे. पण रंगाला अंगठ्यासाठी कसलीच खूण नसते.

याच सुमारास सित्कीला बडबडीची सवय लागली. सोंगटी टाकताना तो रंग पुकारायला लागला. "घे, आठ, केनानच्या नाकासारखा लाल." "हा बारा, माझ्या फुप्फुसासारखा काळा." मधली सोंगटी उताणी झाली की तीही तोच जाहीर करायचा. केनान वैतागायचा, म्हणायचा, हा डाव आहे की लिलाव. सित्की म्हणायचा, म्हातारपणी जीभ सुटते, तुझी तर जन्मतःच सुटलेली.

बेद्री एवढ्यावर खेळायचा. वाटणीत आलेल्या सोंगट्यांचे रंग त्याला कळत नसत, म्हणून त्या एकेक करून तो केनानला देऊन टाकायचा आणि त्यांच्या जागी सित्कीने पुकारून टाकलेल्या बसवायचा. ढिगाला शक्यतो हात लावायचा नाही. म्हणजे एका माणसाच्या उष्ट्यावर सगळा संसार. बहुतेक वेळा हरायचा. पण हरणारे पुष्कळ असतात, त्यासाठी कोणी कोणाला बुर्साला नेत नाही.

सित्कीने हे मुद्दाम चालवलंय का, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर आलं असतं.

थंडीतल्या एका दुपारी, बाहेर समुद्रावरून ओला वारा सुटलेला, डाव मांडला. मुहर्रेमने मधली सोंगटी उताणी केली. सित्कीने पुकारायला तोंड उघडलं आणि त्याला खोकला लागला. खाणीची धूळ वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेला खोकला तो, एकदा आला की टेबलावरचे पेले हलवतो. हुर्शित पाणी घेऊन धावला. रुमालात काय आलं ते सित्कीने बघितलं नाही, आम्हीही नाही. खोकला थांबला तेव्हा डाव सुरू झाला होता, आणि मधली सोंगटी कोणती हे सांगायचं राहून गेलं होतं.

"अरे, ओकेय काय आहे?" हा प्रश्न त्या चहाखान्यात दिवसातून शंभरदा विचारला जातो. चांगले डोळे असलेले विचारतात, गप्पांत गुंगलेले विचारतात, केनान तर दर पाळीला विचारतो. बेद्रीनेही विचारला असता तर कोणी मान वर केली नसती. पण ज्याला काही लपवायचं असतं त्याला साधा प्रश्नही कबुलीजबाब वाटतो. तो गप्प राहिला. हात लांब करून मधली सोंगटी चाचपणं तर शक्यच नव्हतं.

ओकेय कोणता हे माहीत नसताना तो खेळत राहिला. सित्कीचा आवाज अजून फाटलेला होता, रंग अर्धेमुर्धे ऐकू येत होते. दोन-चार पाळ्यांनी त्याच्या अंगठ्याखाली वाटणीतला एक पाच आला. कुठल्याच रांगेत न बसणारा, रंग माहीत नाही. त्याने तो उचलला आणि केनानच्या पुढ्यात टाकला.

पाच लाल निघाला. मधे लाल चार होता.

हातातला ओकेय दोनच माणसं टाकतात, एक वेडा आणि दुसरा डाव जिंकलेला. बेद्री उस्ता वेडा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी म्हणाला, उस्ताने ओकेय टाकून संपवला रे, आणि खुर्च्या सरकल्या. माणसं भोवती जमली. हुर्शितने तबक खाली ठेवलं. आता घोडी उताणी करायची, सगळ्यांनी बघायचं, आणि मग आठवडाभर उस्ताची मिरवणूक.

बेद्रीला त्या गलक्यावरूनच कळलं आपण काय टाकलंय. त्याचे दोन्ही हात घोडीवर होते. ती उताणी केली की सगळं उघडं पडणार होतं. नऊशेजारी दोन, दोनशेजारी तेरा, रंगांची भेळ. सातआठ माणसांसमोर. आणि आठवड्याचा फोन त्याच संध्याकाळी यायचा होता.

तेवढ्यात डावीकडून सित्कीचा हात आला. त्याने बेद्रीची घोडी धरली, टेबलावर पालथी केली आणि सोंगट्या ढिगात मिसळून टाकल्या.

"झालेला आहे," तो म्हणाला. "मी बघितला."

पालथं करताना तीन-चार सोंगट्या उताण्या पडल्या होत्या, आणि केनान तिथेच बसला होता. हा केनान म्हणजे लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाला टक्कल पडतंय हे सांगणारा माणूस. त्याने त्या सोंगट्या पाहिल्या. मग आपल्या पुढ्यातला लाल पाच उचलला, थोडा वेळ धरला आणि तोही ढिगात टाकून दिला.

"दुप्पट," तो म्हणाला. "कापा माझे."

मुहर्रेम म्हणाला, "हं."

लोकांनी बेद्रीच्या पाठीवर थापा मारल्या. हुर्शितने त्या दिवशी खरोखरचा चहा केला, गडद, कधी नव्हे तो. बेद्रीने एक घोट घेतला आणि पेला ठेवला. सित्की खोटं बोलला याचं त्याला काही वाटलं नव्हतं. सित्की त्याचाच माणूस. केनानने टोमणा मारला नाही, ते मात्र त्याच्या छातीत बसलं.

घरी जाताना चढावर सित्की दर वळणाला दम खायला थांबायचा, आणि बेद्री त्याच्या बाहीला धरून चालायचा. पाहणाऱ्याला वाटावं बेद्रीच त्याला सांभाळतोय.

"केनानला कधीपासून माहीत आहे?" बेद्रीने विचारलं.

"रमझानपासून."

"आणि मुहर्रेमला?"

"मुहर्रेमनेच मला सांगितलं."



"मग मला कशाला खेळायला बसवत होतात रे?"

"चौथा लागतो," सित्की म्हणाला.

"खाणीत असतो तर तू माझ्या डोक्यावरचा दिवा काढून घेतला असतास. मी काढलेत लोकांचे. ज्याला दिसत नाही तो इतरांना मारतो."

"इथे कोण मरतंय? केनानचे चार गुण गेले."

बेद्री हसला नाही. "त्या खुर्चीतून मला चाक दिसत नाही," तो म्हणाला. "गेला हिवाळा दिसलं नाही, हाही नाही. नुसता तिकडे तोंड करून बसतो."

सित्कीने त्याचा हात आपल्या बाहीवर नीट बसवला आणि पुढे चढायला लागला.

संध्याकाळी हुर्शितच्या फोनवर शेन्ग्युल आली आणि हुर्शित तिला दुपारचा पराक्रम रंगवून सांगायला लागला. बेद्री चाचपडत परत आला होता, एकटाच, चढ उतरून. त्याने फोन मागून घेतला आणि म्हणाला, "ये आणि घेऊन जा." एवढंच. पलीकडे ती रडायला लागली तसा त्याने फोन हुर्शितकडे दिला, कारण तो बंद कसा करायचा हे त्याला आता दिसत नव्हतं.

बुर्साला सहाव्या मजल्यावर त्याला खिडकीशी खुर्ची दिली. तो जावयाला विचारायचा, समुद्र कोणत्या बाजूला, आणि जावई सांगायचा की इथे समुद्र नाही. मोठ्या आकड्यांचा ओकेयचा संच आणला होता, तो तसाच पडून राहिला. वसंतात फोन आला, उस्ता गेला. शेन्ग्युलने त्याला तिथेच पुरलं. इथून दोघं-तिघं बोलले तिच्याशी, की उस्ताला इकडे आणा, त्याची तशी इच्छा होती. ती म्हणाली, त्या जमिनीने माझ्या घरचा एक ठेवून घेतलाय, दुसरा मी देणार नाही. तिला चूक कोण म्हणणार?

चौथा म्हणून आता पोस्टातून निवृत्त झालेला फेयझुल्ला बसतो. डोळे घारीचे. सित्की त्याच्याही पुढ्यात सोंगटी टाकताना पुकारतो, निळा सात, काळा एक, आवाज आता पुरता घोगरा झालेला. परवा फेयझुल्ला चिडला, म्हणाला, मला दिसतं की, कशाला कान खाता.

"तू खेळ रे," केनान म्हणाला. "तो तुला नाही सांगत."

सित्कीने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याला खोकला लागला होता, आणि मुहर्रेम पाणी आणायला उठला होता.