चिंबोऱ्यांची गाणी

आभार मानायचेच तर सुरुवात कुणापासून करावी? एका परदेशी जहाजावरच्या आचाऱ्यापासून, की चोरबाजारात माझ्या वडिलांना फसवणाऱ्या माणसापासून? पहिल्याने रेकॉर्डी दिल्या. दुसऱ्याने बिघडलेलं यंत्र चांगलं म्हणून गळ्यात मारलं. दोघंही आता हयात असण्याची शक्यता कमीच. पण हल्ली देवापुढे दिवा लावताना मी मनातल्या मनात दोघांनाही हात जोडते. फसवणाऱ्याला जरा जास्तच.

वडील आमच्या गावी, मोऱ्याला, लाँचवर कामाला होते. बंदरात दूरवर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजीपाला आणि सामान पोचवायचं काम. अशा एका जहाजावर खलाशांच्या जेवणघरात नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र होतं. ते कायमचं बंद पडलं तेव्हा तिथल्या आचाऱ्याने त्यातल्या रेकॉर्डी टोपलीभर चिंबोऱ्यांच्या बदल्यात वडिलांना देऊन टाकल्या. ते खेकडे आईने कालवणासाठी मागवलेले होते, त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्या घरात काय झालं असेल ते सांगायला नको. बशीएवढ्या रेकॉर्डी, मधे हे भलंमोठं भोक. अमेरिकेतली जुनी गाणी होती ती, सुरुवातीच्या काळातलं रॉक अँड रोल आणि सोल. हे शब्द मला फार नंतर कळले. आमच्याकडे त्यांना 'चिंबोऱ्यांची गाणी' म्हणत, आणि आई ते म्हणताना दर वेळी वडिलांकडे बघत असे.

रेकॉर्ड प्लेयर वडिलांनी चोरबाजारातून आणला. रेकॉर्डींच्या मधल्या भोकासाठी पांगाऱ्याच्या लाकडाची एक चकती स्वतः तासून बसवली. ती काही अगदी मधोमध झाली नाही, त्यामुळे रेकॉर्ड फिरताना किंचित हेलपाटायची आणि गाणाऱ्याचा आवाज कापरा व्हायचा. पण खरी गंमत यंत्रातच होती. छोट्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांनी वाजवायच्या असतात आणि मोठ्या तेहतीस फेऱ्यांनी. आमच्या यंत्राची वेगाची कळ तेहतीसवर अडकलेली होती, ती हलायचीच नाही. घरात भजनांची एक मोठी रेकॉर्ड होती, ती छान वाजायची. मग यंत्रात खोट आहे असं कुणाच्या मनात तरी का यावं?

तर आमच्या ओट्यावर रॉक अँड रोल वाजायचं ते असं: संथ, खोल, कापऱ्या आवाजात. जणू कुणी धिप्पाड पुरुष दिवसभर माल उतरवून आलाय आणि भिंतीला पाठ टेकून आपलं दुःख सांगतोय. शब्द कुणाला कळत नव्हते. साहेबलोक असंच गात असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. आई त्या गाणाऱ्याला 'दमलेला मानूस' म्हणायची. "कवरा दमलाय रं तो," असं म्हणून ती हातातला मासळीचा कोयता बाजूला ठेवायची आणि गाणं संपेपर्यंत ऐकत बसायची.

आणखी एक सांगते. आळीत कुणी गेलं की दहाव्यापर्यंत कुणाच्या घरी रेडिओ लागत नसे. पण दमलेल्या माणसाला मनाई नव्हती. उलट शेजारच्या म्हातारीने नवरा गेल्यावर स्वतः येऊन सांगितलं, "लाव त्याला जरा." मग ओट्यावर बायका पदर डोळ्यांना लावून बसायच्या. मी शाळकरी मुलगी, मीसुद्धा रडलेय. आता ते गाणं कसलं होतं ते कळल्यावर मला त्या सगळ्या बायकांना वरून खाली बोलावून ते ऐकवावंसं वाटतं.

यथावकाश यंत्र बंद पडलं, वडील गेले, रेकॉर्डी पत्र्याच्या पेटीत गेल्या. मोऱ्याचं घर बंद करून आईला मी खांदेश्वरला आमच्या फ्लॅटवर आणलं. पेटीही आली. पहिली काही वर्षं बरी गेली. सोसायटीच्या बायकांना तिने सुकट कशी भाजायची ते शिकवलं, वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनाही. मग हळूहळू तिला ऐकू येईना.

आधी दारावरची बेल गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग मी. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. माझा आवाज पातळ आणि चढा, आणि बोलणं भरभर. आईला ऐकू आलं नाही की मी आणखी चढ्या आवाजात, आणखी भरभर तेच सांगायची. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची आणि शेवटी "हां" म्हणायची. चहा हवा का? हां. चहा नको ना? हां. पनवेलच्या डॉक्टरांकडे तपासून कानाचं यंत्र आणलं, ते कानात शिट्टी मारतं म्हणून तिने उशीखाली सारलं. सगळ्यात राग यायचा तो याचा, की माझ्या नवऱ्याचं बोलणं तिला बरोबर ऐकू यायचं. तो साताऱ्याकडचा, ढोलासारख्या आवाजाचा. तो स्वयंपाकघरातून "आई, जेवता का?" म्हणाला की ही उठून ताटावर. शिवाय वरून विमान गेलं तर मान वर करून "इमान गेला" म्हणणार. म्हणजे जावई ऐकू येतो, विमान ऐकू येतं, पोटची लेक तेवढी ऐकू येत नाही. ही मुद्दाम करतेय असं मला वाटायला लागलं होतं.

मग एके दिवशी ती म्हणाली, "मी मोऱ्याला जातंय. घर उघडून ऱ्हातंय तिथं."

"एकटी? या वयात? तुला काही झालं तर कळणार कुणाला? तिथे कोण आहे आता तुझ्याशी बोलायला?" मी एका दमात विचारलं.

तिने नेहमीसारखं तोंडाकडे पाहिलं. शेवटचं 'बोलायला' तेवढं ओठांवरून कळलं असावं. "तिथं कोन बोललं नाय तर चालंल," ती म्हणाली. "इथं सगली बोलतात."

दुसऱ्या दिवशी ती कापडी पिशवीत लुगडी भरायला बसली. तिने पेटी उघडली, वडिलांची टोपी काढली, आणि टोपीखाली त्या रेकॉर्डी निघाल्या. एक रेकॉर्ड तिने पदराने पुसली आणि बराच वेळ मांडीवर ठेवली. "दमलेला मानूस," ती स्वतःशीच म्हणाली. मला आशा वाटली. त्याला ऐकायला तरी ती थांबेल. मी लगेच ऑनलाइन एक रेकॉर्ड प्लेयर मागवला आणि तो येईपर्यंत जाऊ नको म्हणून खुणांनी सांगितलं.

यंत्र आलं ते चकचकीत, सोबत मधल्या भोकासाठी प्लॅस्टिकची नेमकी चकती. नवऱ्याने चष्मा लावून लेबल वाचलं, वेगाचं बटण पंचेचाळीसवर फिरवलं आणि सुई टेकवली.

खोलीत एक पोरगी शिरली. अगदी तरुण, खणखणीत आवाजाची, श्वास घ्यायलाही उसंत नाही असं भराभर गाणारी. मागे टाळ्या वाजतायत, ढोल वाजतायत. दुःखबिःख काही नाही. पक्कं नाचायचं गाणं. मी तोंडावर हात ठेवला. ओट्यावरच्या त्या सगळ्या बायका डोळ्यांपुढे आल्या आणि मला हसू आवरेना. नवरा तर कमरेला टॉवेल बांधून नाचायलाच लागला, आणि त्याला नाचताना बघणं हा वेगळाच प्रसंग आहे.

मग मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. "यो तो नाय," ती म्हणाली. "यो काय नुसतं किरकिरतंय. खराब केलात त्याला." तिचा चेहरा उतरला होता. ती उठली आणि पिशवीकडे गेली.

वडिलांच्या यंत्राला दुसरा वेगच नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मी बटण तेहतीसवर आणलं आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. पोरगी गेली. भिंतीला पाठ टेकून तो आला.

आईचे हात लुगड्याच्या घडीवर थांबले. ती वळली, येऊन खुर्चीत बसली आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. "आता भोंगा येल बग," ती म्हणाली, आणि खरोखर पुढच्याच क्षणी सॅक्सोफोन आला, लाँचच्या भोंग्यासारखा लांबलचक. मग ती गायलाही लागली. शब्द नव्हतेच, इतक्या वर्षांपूर्वी तिने आपले आपण जुळवलेले नुसते आवाज होते, पण एकही जागा चुकली नाही. तिला सगळं ऐकू येत होतं. यंत्राचा आवाज तर आम्ही मघापेक्षा वाढवलाही नव्हता.

नवरा टॉवेल हातात धरून उभा होता. मला पनवेलचे कानाचे डॉक्टर आठवले. तपासणी झाल्यावर ते म्हणाले होते, या वयात वरचे सूर आधी जातात, खालचे राहतात. ओरडू नका, आवाज खाली आणा आणि सावकाश बोला. मी मान डोलावली होती आणि बाहेर आल्याआल्या रिक्षात बसताना आईवर ओरडले होते. बाई सांभाळून, पाय वर घे म्हणून.

चोरबाजारातल्या त्या माणसाने बिघडलेलं यंत्र विकलं नसतं तर आईच्या मनात ही गाणी खालच्या पट्टीत बसलीच नसती. वडिलांनी ते दुरुस्त करून घेतलं असतं तर मला माझी चूक कुणी दाखवली असती? मी त्या क्षणी सगळ्यांची फार ऋणी होते. आचाऱ्याची, कळ अडकलेल्या त्या खोक्याची, आणि त्या अनोळखी मुलीची. तिचं नाचायचं गाणं आम्ही रडायला वापरलं, आता आणखी एका कामाला ते येणार होतं.

गाणं संपलं. मी आईच्या शेजारी बसले. आवाज पोटातून काढला. नाटकातल्या खलनायकासारखं वाटत होतं, पण काढला. एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "आई. मोऱ्याला. जाऊ नकोस."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. डोळ्यांकडे पाहिलं. आणि 'हां' म्हणाली नाही. "का गो?" तिने विचारलं.

मला ती हवी होती म्हणून. असं आमच्यात कुणी बोलत नाही. पण इतक्या हळू बोलायचं म्हटलं की आडपडदा ठेवायला जागाच उरत नाही. "मला. तू. इथे. हवी आहेस."

"मना वाटं तू माज्यावर रागावलीस," ती म्हणाली. "कवरे दिस झाले. आली की वरडतंस. काय वरडतंस ते कलत नाय, पन वरडतंस येवरा दिसतं."

"नाही गं आई," मी म्हटलं. खालच्या आवाजात रडणं जमत नाही, म्हणून रडू आवरेपर्यंत मी थांबले. "तुला ऐकू यावं म्हणून."

तिने माझा हात हातात घेतला आणि पिशवीकडे मान वळवली. "ती लुगरी काढ भायेर," ती म्हणाली. मग खुर्ची माझ्याकडे सरकवून नीट बसली. "आनि आता सांग, इतके दिस काय काय बोललीस तां."

मी सांगायला बसले. आठवून पाहिलं तर बहुतेक 'गोळी घेतलीस का' आणि 'दार लावून घे' हेच होतं. पण तिने विचारलं होतं, म्हणून मी तेही सगळं सांगितलं.