टोक नेहमी बाहेरच्या बाजूला

आमच्या आत्याच्या नाकावर माशी बसत नाही. बसायचीच असेल, तर आत्या आधी तिला हात धुवायला लावेल, तेही साबण लावून, नखांसकट.

आत्या घरोघरी जाणारी नर्स आहे. दवाखान्यातल्या नर्सला एक वॉर्ड असतो. आत्याचा वॉर्ड म्हणजे सात गल्ल्या, दोन चढ आणि कायमची बंद पडलेली एक लिफ्ट. सकाळी आठला स्कूटरच्या पुढ्यात बॅग ठेवून निघते ती कुणाची जखम, कुणाचं इन्सुलिन, कुणाची लघवीची नळी असं करत दीडला जेवायला उगवते. शेवटचं घर कुठलं होतं ते तिच्या आवाजावरून कळतं. "मीऽठ देऽ गंऽ!" अशी आरोळी आली की बहिऱ्या आजी. "चला, आता आपण पाणी पिऊ या हं, शाब्बास," असं आलं की अंथरुणाला खिळलेले मास्तर. दहा मिनिटांनी ती स्वतःच्या आवाजावर येते. तोवर आम्ही शहाण्यासारखे पाणी पितो.

बावीस वर्षं ती हे काम एकटी करते आहे. एकटी म्हणजे अगदी एकटी. जखम बघायला ती, ठरवायला ती, आणि चुकलं की स्वतःवर चिडायलाही तीच.

म्हणून या भागातल्या आठ नर्सची दर बुधवारी दुपारी तीनला फोनवर बैठक सुरू झाली. नवीन काही शिकायचं, एकमेकींना विचारायचं, आणि वर्षाअखेरीस त्या तासांचं प्रमाणपत्र घ्यायचं. आत्या फोन साखरेच्या डब्याला टेकवायची, कॅमेरा बंद करायची आणि शेंगा सोलायची. मी त्याच टेबलावर भूमितीचा अभ्यास करते, म्हणजे भूमितीचं पुस्तक उघडून बैठक ऐकते. त्यामुळे या बायकांना मी फक्त आवाजाने ओळखते. शिकवतात त्या 'ओके मॅडम': "आज आपण मधुमेहाचा पाय बघू, ओके? काही शंका? ओके." प्रश्न त्याच विचारतात आणि होकारही त्याच भरतात. दुसरी 'रस्त्यावरची'. ती कायम स्कूटर कडेला लावून बोलते, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं हॉर्नच बोलतो. तिसरी यंदाच लागलेली 'कुजबुज'. मांडीवर बाळ झोपलंय आणि ते उठेल, अशा बेताने ती बोलते. बाळबीळ काही नाही, नुसती भीती.

शेवटी मॅडम विचारायच्या, "कोणाला काही अडलंय?" की एकामागून एक: "नाही मॅडम, सगळं छान." "छान मॅडम." "छान, पीऽप, मॅडम." आत्या तेवढ्या एका 'छान'साठी माइक चालू करायची आणि लगेच बंद.

आणि छान तर काहीच नव्हतं.

आत्याच्या वॉर्डातल्या टेलरकाकांच्या नडगीवर आठ महिने एक जखम होती. शिरा कमजोर झाल्या की रक्त पायात साचतं आणि जखम भरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट ताणाची पट्टी. ती रात्रंदिवस ठेवायची आणि नर्सनेच सोडायची. आत्या आठवड्यातून दोनदा जाऊन ती बांधायची, आणि तिच्या पट्टीला एक सुरकुती दाखवा! तरी जखम ढिम्म. शेवटी डॉक्टर म्हणाले, आणखी एक महिना बघू, नाहीतर दवाखान्यात भरती करून मांडीची कातडी काढून तिथे लावू.

"म्हणजे माझंच ठिगळ मलाच?" टेलरकाका म्हणाले. "आणि शिवणार दुसराच कुणी?"

आम्ही हसलो. आत्या नाही हसली. तिने मलम बदललं, जुन्या वह्या काढल्या, जेवताना भिंतीकडे बघायला लागली.

"बुधवारी विचार की त्यांना," मी म्हटलं.

"काय विचारू? बावीस वर्षं झाली आणि एक जखम भरता येत नाही मला, असं सांगू? मॅडम 'आपल्या सीनियर' म्हणतात मला."

"मग काकांची मांडी सोलू दे."

"तू भूमिती कर."

त्या बुधवारी मॅडमनी विचारलं, "कोणाला काही अडलंय? ओके, मग..." आणि आत्याने शेंग खाली ठेवली.

"मला अडलंय."

रस्त्यावरचीच्या मागचा हॉर्नसुद्धा अर्ध्यात थांबल्यासारखा वाटला. आत्याने सगळं सांगितलं. आधी आवाज तिचा नव्हता, बहिऱ्या आजींच्या घरचा होता. मग हळूहळू खाली आला. नोंदीसाठी ती दर खेपेला दोन फोटो काढते, पट्टी सोडण्याआधी एक आणि नवी बांधल्यावर एक. शेवटच्या तीन खेपांचे फोटो तिने सगळ्यांना पाठवले.

प्रश्न सुरू झाले. साखर? ठीक. पायातला रक्तपुरवठा मोजला? मोजला. खाणंपिणं? माझ्यापेक्षा बरं. अशी दहा मिनिटं गेली. आत्याचा चेहरा 'बघा, मी सांगितलं होतं' असा व्हायला लागला.

तेवढ्यात कुजबुज. "ताई... पट्टीचं टोक तुम्ही कुठे संपवता?"

"बाहेरच्या बाजूला. नेहमी. आतल्या बाजूला संपवलं तर चिकटपट्टी दुसऱ्या पायाला घासते. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते," आत्या म्हणाली. सुरात थोडी मोहरी तडतडली.

"हो ना. पण सोडण्याआधीच्या फोटोत ते आत आहे. तिन्ही फोटोंत."

आत्याने चष्मा लावला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ. बाहेर. आत. बाहेर. आत. साखरेचा डबा आडवा झाला.

"अगं बाई! ही माझी पट्टीच नाही!"

आठ महिने ती दर खेपेला दुसऱ्याच कुणाची पट्टी सोडत होती. सोडताना लक्ष सगळं आतल्या जखमेकडे, वरच्या पट्टीकडे बघतंय कोण? आणि बांधणारा टेलर. सुरकुती त्याच्याही पट्टीला नव्हती.

रस्त्यावरची खो खो हसत सुटली. "ताई, माझे एक आजोबा होते, पीऽप, तेही असंच करायचे! उद्या गेल्या गेल्या ओरडू नका हां. आधी दाराजवळचे बूट बघा."

दुसऱ्या दिवशी दीडला आत्या आली ती टेलरकाकांच्या आवाजात बोलतच. दाराजवळ बूट होते, आरशासारखे चकाकणारे. काका रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर मित्रांच्यात जाऊन बसतात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे नीट केलेला माणूस सपाता घालून चारचौघांत जाणार नाही. पट्टीचा पाय बुटात शिरेना. म्हणून आत्याची पाठ फिरली की पट्टी सोडायची, आणि आत्या येणार त्या सकाळी पुन्हा गुंडाळायची. स्वतःच्या पायाला स्वतः बांधताना टोक आत येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"कामात कुठे खोट राहिली का, बाईसाहेब?" पकडले गेल्यावर त्यांनी विचारलं.

"काम फर्स्ट क्लास. म्हणूनच तर आठ महिने फसले."

"तुम्ही एवढ्या मायेने बांधता. सोडलेली बघून तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आता यावर ओरडायचं कसं? आत्याने त्यांना फोन दाखवला. रस्त्यावरचीने तिच्या आजोबांच्या बुटाचा फोटो पाठवला होता, पुढून पूर्ण उघडणारा, वर चिकटणारा पट्टा. काकांनी तो निरखला. "हा बूट आहे की तंबू?" म्हणाले, आणि कपाटातून कात्री काढली. चार दिवसांत जुन्या कॅनव्हासच्या बुटाला त्यांनी असा काही पट्टा शिवला, की बाकावरच्या दुसऱ्या म्हाताऱ्याने आपल्यालाही एक सांगितला. त्याच्या पायाला काहीही झालेलं नाही.

पट्टी जागेवर राहिली. टोक बाहेरच्या बाजूला. महिन्याने डॉक्टरांनी जखम मोजली, तर निम्म्याहून लहान. दवाखान्याचं तूर्त रद्द. "मांडी वाचली," काका म्हणाले, आणि आत्याला म्हणाले, "बटणाएवढी उरली की सांगा, काज मी करतो."

त्या बुधवारी आत्याने कॅमेरा चालू केला. केसही विंचरले होते. आठ महिन्यांची गोष्ट तिने सगळ्यांना सांगितली, स्वतःची चूक न गाळता, काकांच्या आवाजासकट. नक्कल तिला अजिबात जमत नाही, हे मी प्रेमाने सांगते. कुजबुज मोठ्याने हसली. तेव्हा कळलं, तिचा आवाज चांगला खणखणीत आहे.

मग मॅडमनी नेहमीचं विचारलं, "कोणाला काही अडलंय?"

"मला!" रस्त्यावरची.

"मला पण, ती नळी सारखी बंद होते ना..."

"आधी मी बोलू? माझं पटकन आहे," कुजबुज.

"एऽकेऽक करून बोऽला गंऽ!" आत्या ओरडली.

"ओके?" मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना उत्तराची वाट बघत बसावं लागलं.