भूत नाही, सायन्स आहे

काही वर्षांपूर्वी, धान कापणीच्या दिवसांत, नाकाडोंगरीहून चिखल्याला परत येताना माझी स्कूटी गिट्टीवर घसरली आणि मी कमरेवर आपटले. तुमसरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला आणि म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही, नशीब समजा. पण हाड चिरलंय. मी सांगेपर्यंत खाट सोडायची नाही. उठून बसायचंसुद्धा नाही."

मी ब्लाउज शिवणारी बाई. दिवसभर मशीनवर वाकलेली, नाहीतर गिऱ्हाइकांशी बोलत असलेली. पडून राहायची सवय नव्हती. नवरा खाणीत फिटर, त्याची शिफ्टची ड्यूटी. मुलगी भंडाऱ्याला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. घरात राहिल्या सासूबाई. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. माझं सगळं त्यांनाच करावं लागणार होतं. भांडं देण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं.

सासूबाईंशी माझं कधी भांडण झालं नव्हतं, पण गोडीही नव्हती. दिघोरीहून लग्न होऊन आले तेव्हा त्या कमी बोलणाऱ्या आणि मी भित्री. पुढे पुढे भीती गेली, पण बोलणं काही वाढलं नाही. भाजी काय करायची, दळण कोण आणणार, पाहुणे कधी येणार, एवढ्यावर आमची वर्षं निघून गेली होती. आणि आता त्याच बाईसमोर मी लेकरासारखी पडून होते. पहिल्या दिवशी त्या गरम पाणी आणि फडकं घेऊन आल्या, तेव्हा मी चादर घट्ट धरून ठेवली.

"राहू द्या, आई. संध्याकाळी हे आले का मग पाहू."

"काहून? त्याले का जमते? सोड ते चादर."

मी सोडली. त्यांनी अंग पुसलं, पाठीला पावडर लावली, पाणी फेकून आल्या आणि चहा ठेवला. जणू रोजचंच काम.

दुपार मात्र जात नसे. घर शांत होई, खिडकीतून थंडीतलं ऊन माझ्या खाटेच्या पायथ्याशी येई आणि मला रडू येई. दुखणं होतंच, पण त्यापेक्षा, आपला आता काही उपयोग नाही, हा विचार जास्त छळत होता. त्यांना कळू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून रडत असे. त्यांना अर्थातच कळत होतं. एक दिवस त्या तांदूळ निवडायचं सूप घेऊन माझ्या खाटेजवळ येऊन बसल्या आणि अचानक म्हणाल्या,

"सिनेमा सांगू काय तुले?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोणता सिनेमा?"

"इंग्लिश. भेवाचा."

सासूबाईंना इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे तोंड केलं.

त्या नव्या नवरी होऊन चिखल्याला आल्या तेव्हा खाणीच्या कॉलनीतल्या मैदानात सिनेमे दाखवत असत. साहेब लोकांच्या क्लबसाठी आलेली रिळं एखाद्या संध्याकाळी मजुरांसाठीही चालवत. दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा बांधत. पुढून पुरुष बसत आणि मागून बाया. बायांना सगळं चित्र उलटं दिसे, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. सिनेमा इंग्रजी आणि बिनरंगाचा. आभाळातून उतरणाऱ्या तबकड्या, पत्र्याची माणसं, कबरीतून उठणारे डॉक्टर. बोलणं कुणालाच समजत नव्हतं. ज्याला जे वाटेल ते तो समजून घेई आणि दुसऱ्या दिवशी नळावर त्यावरून वाद होत.

माझे सासरे, आता ते नाहीत, खाणीत खाली उतरून काम करणारे. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरातून अंगारे, उतारे, अंगात येणं, सगळं गेलं होतं. भूत हा शब्दसुद्धा सासऱ्यांना चालत नसे. आता अशा घरातल्या सुनेने भुताच्या सिनेमाला जावं तरी कसं? सासूबाईंनी पहिल्यांदा घाबरत घाबरत विचारलं, तर सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले होते, "ते भूत नाई. ते सायन्स हाय. जाय तू."

हे सांगताना सासूबाई इतक्या हसल्या, की सुपातले तांदूळ सांडले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"भूत-बित काही नसते, हे मलेबी माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पण भेव लागलं का मजा येते, बाई. घरी आलो का दार लावून चांगलं हसाचं."

मग त्यांनी सिनेमा सांगायला घेतला.

"एक गाव राहते. आपल्यासारखंच, पण गोऱ्या लोकायचं. गावाच्या मधात विहीर. एक दिवस आभाळातून जळता गोटा पडते, सीधा त्या विहिरीत. पाणी उकळते, मंग शांत होते. लोक ते पाणी पेतेत. आन् दुसऱ्या दिवशी पाहते तं त्यायच्या सावल्या नाई."

"सावल्या नाई म्हणजे?"

"म्हणजे नाई. माणूस उन्हात उभा हाय आन् मांगं काहीच नाई."

मी नकळत खाटेच्या पायथ्याशी पडलेल्या उन्हाकडे पाहिलं. त्यात सासूबाईंची सावली होती, सुपासकट.

पुढे त्यांनी सांगितलं, की सावल्या त्या जळत्या गोट्यातल्या लोकांनी नेल्या होत्या, जमिनीच्या खाली. तिथे त्यांच्याकडून खाणीत काम करून घेत होते. वर माणसं रोडावत होती, बोलेनाशी होत होती. मग गावातली एक बाई कमरेला दोर बांधून विहिरीत उतरते, आपल्या नवऱ्याची सावली ओळखते आणि तिचा हात धरून वर आणते. तिच्या मागे एकेक करून सगळ्या सावल्या वर येतात. सासूबाई दोर घसरल्याचा आवाज काढत, पाणी टपकल्याचा आवाज काढत. बाई खाली अंधारात नवऱ्याला हाक मारते तिथे त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "बाकीचं उद्या. भाजी फोडणीले टाकाची हाय."

त्या दुपारी मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यापासून त्यांची वाट पाहत होते.

असे किती सिनेमे झाले, मोजले नाहीत. तळ्यातून निघणारी बाई झाली, पत्र्याच्या माणसाला ताप येतो तो सिनेमा झाला, मेलेल्या भावाला विजेचा झटका देऊन उठवणारा डॉक्टर झाला. शेजारच्या दोघी-तिघी आपापलं निवडण-टिपण घेऊन येऊ लागल्या. सासूबाई प्रत्येकाचा वेगळा आवाज काढत. डॉक्टरचा आवाज थेट आमच्या जुन्या सरपंचासारखा असे. त्या हसण्याने माझं कंबरडं दुखायचं, पण ते दुखणं मला चालत होतं.

एकदा त्यांनीच मला विचारलं, "तुमच्या दिघोरीत नव्हते काय सिनेमे?"

इतक्या वर्षांत माझ्या माहेराबद्दल त्यांनी आपणहून विचारलेली ती पहिलीच गोष्ट. मी सांगितलं. आमच्या गावात एका घरी काळा-पांढरा टीव्ही होता. त्यावर मी लहानपणी एक जुना सिनेमा पाहिला होता. एका माणसाचा हात त्याचं ऐकेनासा होतो, तो झोपला की हात एकटाच काम करतो. त्यानंतर कितीतरी दिवस मी झोपताना स्वतःचा हात आईच्या पदराला बांधून ठेवायचे. मी सांगत होते आणि सासूबाईंनी स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"बाप्पा! मंग?"

"मंग काय, आई उठली का तिच्यासंगं मीबी उठो."

त्या दिवशी त्यांना मला अंग पुसताना चादर सोडायला सांगावं लागलं नाही.

सुट्टीत मुलगी घरी आली. आजी सिनेमे सांगते हे ऐकून तिला फार मजा वाटली. सावल्यांचा सिनेमा तर तिने तीनदा सांगायला लावला आणि मग मोबाइल घेऊन बसली. विहीर, गोटा, सावली असं काय काय लिहून तिने बरेच दिवस शोध घेतला. एका दुपारी ओरडतच आली, "आजी, सापडला तुझा सिनेमा!"

तिने तो टीव्हीवर लावला. माझी खाट वळवून घेतली. नवऱ्याची सुट्टी होती, तो दारात उभा राहिला. सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या. चित्र सुरू झालं. गाव आलं, विहीर आली.

"उलटं हाय हे," सासूबाई लगेच म्हणाल्या. "विहीर त्या बाजूले होती."

"आजी, तू पडद्याच्या मागून पाहत होतीस ना!" मुलगी म्हणाली.

गोटा पडला. त्याला बांधलेली तार स्पष्ट दिसत होती. मग सावल्या गेल्या. उन्हातल्या चौकात बिनसावलीची माणसं चालत होती. अजूनही अंगावर काटा येत होता. पण पुढे ना खाण आली, ना दोर. गावातली ती बाई दोनदा किंचाळून बेशुद्ध पडली. शेवटी सैन्य आलं, त्यांनी विहीर उडवून दिली आणि सिनेमा संपला.

"आजी, खाण कुठं आहे?" मुलीने हसत विचारलं. "आणि ती विहिरीत उतरतच नाही!"

मला वाटलं, सासूबाईंना वाईट वाटेल. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "खाण मी टाकली."

"तू?"

"तुह्या बापासाठी. लहान होता तं रोज रडे. बाबा खाली काहून जाते, खाली काय हाय, असं विचारे. भोंगा वाजला का माह्या मांगं लपे. मी काय सांगू त्याले? मले तरी कुठं माहीत होतं खाली काय हाय? मंग मी सिनेमातल्या सावल्यायले खाली नेलं. म्हटलं, त्यायले आणाले जाते तुहा बाबा. सांगता सांगता मलेबी तेच खरं वाटाले लागलं."

मी दाराकडे पाहिलं. माझा नवरा पन्नाशीला आलेला माणूस, कमी बोलणारा. आईवरच गेलेला. तो चौकटीला टेकून उभा होता.

"मले आतापर्यंत वाटे, सिनेमातच हाय ते," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी खाली उतरलो ना, तं लई भेव लागलं होतं. मंग टोपीचा दिवा लावला. समोरच्या गड्याच्या दिव्यानं माही सावली भिंतीवर पडली. मोठी. मले एकदम बरं वाटलं. म्हटलं, हाव, हे तं इथंच राहतेत."

सासूबाई त्याच्याकडे पाहत होत्या. "हे तू कधी सांगितलं नाई मले."

"तू कधी विचारलं नाई," तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला. आमच्या घरात त्याने चहा ठेवला म्हणजे त्याला भरून आलंय, हे मला तेवढं कळतं.

मुलगी मोबाइल बाजूला ठेवून आजीच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "आजी, तुझाच चांगला आहे."

"हाव ना," सासूबाई म्हणाल्या. "इतकी मोठी विहीर, आन् कोणी उतरलंच नाई. असा सिनेमा राहते काय?"

पळस फुलले तेव्हा डॉक्टरांनी मला उभं राहायची परवानगी दिली. सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून मी परसात गेले, नंतर वॉकर धरून अंगणात, नंतर काठीने रस्त्यापर्यंत. उन्हाळ्यात मशीनवर बसले. पहिला ब्लाउज त्यांचाच शिवला, पांढऱ्या कापडाचा. तो देताना मला काहीतरी बोलायचं होतं. आमच्याकडे सासूचे आभार मानत नाहीत, तसा शब्दही तोंडात बसत नाही. मी म्हणाले, "आई, तुमी होत्या म्हणून मी उठली."

"हाडाले दिवस लागतेत, तेवढे लागले," त्या म्हणाल्या. ब्लाउज उलटा करून त्यांनी शिलाई पाहिली. "बाही थोडी ढिली कर. आन् रडू नको आता."

त्या सिनेमांविषयी मी पुष्कळदा विचार करते. कुठल्या तरी दूर देशात, थोड्या पैशांत, तारेला गोटा बांधून कुणीतरी ते बनवले. आपण चिखल्याच्या मैदानात एखाद्या संध्याकाळी पोहोचणार आहोत, एका लहान मुलाची भीती घालवणार आहोत, एका सासू-सुनेला बोलतं करणार आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. त्या माणसांची नावं पडद्यावरून इंग्रजीत भरभर निघून जातात. मी आता ती थांबवून वाचते. जमेल तेवढी.

अजूनही रविवारी दुपारी आमच्याकडे जुना सिनेमा लागतो. मुलगी आता साकोलीला नोकरीला आहे, ती फोनवर सिनेमांची नावं पाठवते. एकदा तिने रंग भरलेला एक पाठवला होता. सासूबाईंनी थोडा पाहिला आणि बंद करायला लावला. म्हणाल्या, "रंग टाकला तं भेव पातळ झालं." शेजारच्या बाया येतात, कुणी मटार सोलते, कुणी नातवंडाला मांडीवर थोपटते. आवाज आम्ही बहुतेक बंदच ठेवतो. बोलणं सासूबाई घालतात.

गेल्या रविवारी एक नवाच जुना सिनेमा होता, त्यांनीही न पाहिलेला. एक माणूस यानात बसून चंद्राच्या पलीकडे जातो आणि वाट चुकतो. अर्ध्यातच खाटेवर पडल्या पडल्या सासूबाईंना डुलकी लागली. हल्ली लागते. मी त्यांच्या पायावर चादर टाकली. बाकीच्या बाया आपोआप हळू बोलू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पोहचला काय तो घरी?"

सिनेमा अजून बराच बाकी होता. यान काळ्या आभाळात एकटंच चाललं होतं.

"पोहचला, आई," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.