उघड मागितलेली गोळी

बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. तिथल्याच मेडिकलात, पुरुषांच्या गर्दीत, एक अनोळखी बाई खणखणीत म्हणाली, "भाऊ, रात्री निरोध फाटला. दिवस राहू नयेत म्हणून घेत्यात ती गोळी द्या."

"पाडायच्या गोळ्या आमी ठेवत न्हाई!" दुकानदार खेकसला.

तिच्या मागंच उभी असलेली मी संतापून पुढं सरसावले. तिनं हातानंच मला थांबवलं.

"पाडायची न्हाई वो, राहायच्या आधीची. जेवढा उशीर, तेवढा उपेग कमी."

दुकानदारानं गोळी कागदात गुंडाळून काउंटरखालून सरकवली.

"वरून द्या, राव. मी काय बैल घ्याया आले?"

सगळे हसले, तोही.

चिठ्ठीशिवाय मिळणारी साधी गोळी मागायला एवढं धाडस का लागावं? तिनं मात्र तिथंच ती गिळली, पदरानं ओठ पुसले आणि हुश्श केलं.

"आता बाजार सुचंल."