शंभर टक्के निकालाची शाळा

शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स दिसला की आजही माझं डोकं सणकतं. पास न होणारी पोरं आधीच बाहेर काढली, तर निकाल शंभरच लागणार. त्यात कसलं आलंय कौतुक?

मला नववीतच काढलं. आम्ही आंबिवलीला चाळीत राहायचो. आई सकाळी लवकर कल्याणला धुण्याभांड्यांना जायची, बाबा मिळेल ती हमाली करायचे. नळाला पाणी यायचं नेमकं शाळा भरायच्या वेळी. पाणी भरायचं, धाकट्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि मग शाळेत पळायचं. रोज पहिला तास बुडायचा आणि तो असायचा गणिताचा. वर्षाअखेर गणितात नापास झाले. त्या तासाला ही पोरगी कुठे असते, हे विचारायला एकही शिक्षक आमच्या चाळीकडे फिरकला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी आईला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हिला पुन्हा नववीत बसवून काय करणार? दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून दहावी होईल. तुम्हालाही घरात मदत."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी केलेली सोय. आमच्याकडे ती शाळा सोडवायला वापरतात. कच्चं पोर नववीतच बाहेर काढलं की पुढच्या वर्षीचा फ्लेक्स छापायला मोकळे.

आईने सही केली. बाईंचा शब्द मोडायचा नसतो, ही आमची शिकवण. वर दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत गेली, बाईंनी पोरीचा एवढा विचार केला म्हणून! केसाने गळा कापणाऱ्याला आम्ही पेढे दिले.

मी बाहेरून दहावीला बसले, गणितात पुन्हा पुन्हा आपटले, शेवटी सुटले. आता डोंबिवलीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. लोक म्हणतात, जिद्द असली की सगळं होतं. चुलीत घाला ती जिद्द. माझ्याबरोबर काढलेल्या बाकीच्या मुली परीक्षेपर्यंत पोचल्याच नाहीत. कुणाचं लग्न लावून दिलं, कुणी आईच्या जागी भांड्यांना लागली. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

हल्ली मी टिटवाळ्याला राहते, आईही माझ्याकडेच असते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचे जिने झाडणारी मावशी खुशीत सांगत होती, "पोरगी नववीत नापास झाली ना, पण मॅडम लय चांगल्या. घरी बसून दहावी करायला देतायत. उद्या सहीला बोलावलंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मावशीबरोबर शाळेत गेले.

"तुम्ही कोण?" तिथल्या मुख्याध्यापिकेने विचारलं.

"शेजारीण."

"आम्ही फक्त पालकांशी बोलतो."

"बोला की. मी ऐकते."

मॅडमनी कागद पुढे सरकवला. मावशीने पेन उचललंसुद्धा. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मॅडम, मुलीला पुन्हा नववीत बसायचंय. घेणार नसाल तर तसं लेखी द्या, शिक्का मारून. शिक्षण विभागात दाखवायला लागेल."

"लेखी कशाला? आम्ही तिच्या भल्याचंच सांगतोय."

"मग भल्याचं लिहायला भीती कसली?"

मॅडमनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाल्या, "जूनमध्ये पाठवा तिला." संपलं. पोरीचं अख्खं शिक्षण वाचवायला एवढंच लागत होतं, आणि एवढंसुद्धा गरिबाच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

बाहेर आल्यावर मावशी माझ्यावरच भडकली. "असं बोलतात का बाईंना? तुम्ही जाल घरी, राग पोरीवर निघेल." तिचं चुकत नव्हतं. म्हणून मला आणखीच चीड आली. मी तिला म्हटलं, दर पालकसभेला मी येणार. आणि जाते. मॅडम मला बघून तोंड वाकडं करतात, खुशाल करोत. पोरगी वर्गात बसते.

त्या दिवशी घरी येऊन आईला सगळं तावातावाने सांगितलं. ती लसूण सोलत होती. मला वाटलं, शाबासकी देईल.

"लेखी द्या, असं म्हणता येतं होय?" तिने विचारलं.

"येतं की."

तिचे हात थांबले. "मग तेव्हा मला कुणीच कसं गं सांगितलं नाही?"