सुखना लेकवर मी न मारलेली हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. इथले भुताखेताचे अनुभव मी रोज वाचते, दुपारच्या चहाबरोबर, आणि निम्म्या वेळा मनात म्हणते — अहो बाई, मांजर असेल ते! आमच्या वडिलांनी लहानपणीच घरातल्या सगळ्या भुतांची हवा काढून टाकली होती. त्यामुळे मी हे लिहायला बसले तेव्हा आमच्या ह्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "बरी आहेस ना?"

बरी आहे. पण गेल्या महिन्यात लेकीबरोबर क्रूझला गेले होते, आणि तिथे जे झालं त्यानं तिच्या लहानपणची एक गोष्ट उकरून वर काढली. क्रूझचं शेवटी सांगते. आधी चंदीगड.

ते पंजाबातले दहशतवादाचे, वाईट दिवस होते. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, बदली झाली चंदीगडला. सासूबाई म्हणाल्या, "माणसं तिकडून पळून यायलीत आणि तुम्ही निघालात व्हय?" पण सरकारी हुकूम, जातो कुठे! सेक्टर सत्तावीसमध्ये क्वार्टर मिळालं. शहर देखणं, रस्ते कसे आरशासारखे... पण चौकाचौकात वाळूची पोती आणि बंदुका. स्कूटरची डिकी उघडून दाखवायची, पिशवी उघडून दाखवायची, अंधार पडायच्या आत घरी यायचं. रेडिओत, डब्यात, कशातही बॉम्ब ठेवायचे लोक. त्यामुळे सारखी सूचना चालू — लावारिस, म्हणजे बेवारस, वस्तूला हात लावू नका.

आता आमची मुक्ता. तेव्हा सहा वर्षांची. मी पक्की सोलापूरची, शेंगाचटणीशिवाय घास उतरायचा नाही. आणि माझ्याच पोरीला शेंगदाण्याची अॅलर्जी! देवाची थट्टा म्हणायची, दुसरं काय. एकदा माहेरी कुणीतरी तिला शेंगांचा लाडू भरवला, तर ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, छातीत शिट्टी वाजायला लागली. तेव्हा ही अॅलर्जी कुणाला माहीत होती हो? नातेवाईक म्हणायचे, "शेंगदाण्यानं कुणी मरतंय व्हय?" चंदीगडच्या डॉक्टरांनी मात्र समोर बसवून स्पष्ट सांगितलं — पुढच्या वेळी घसा बंद होऊ शकतो, गोळी द्या आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. आता ताबडतोब म्हणजे कसं? मध्ये तीन नाके, आणि कधी कर्फ्यू लागेल याचा नेम नाही.

म्हणून मी पोरीला एकाच दमात दोन्ही गोष्टी शिकवल्या होत्या. अनोळखी डबा दिसला तर हात लावायचा नाही, आणि कुणी अनोळखी डब्यातलं खायला दिलं तर तोंड लावायचं नाही. ती शाळेत मुलांना ऐटीत सांगायची, "ये खाना लावारिस है, मैं नहीं खाऊंगी." मराठी समजायचं सगळं, पण उत्तर हिंदीतच. मी रागवायची, काही उपयोग नाही.

शेजारी पम्मी आणि बलबीरजी राहायचे. सरदार कुटुंब, दोन मुलं, आणि बलबीरजींची आई — सगळे त्यांना बीजी म्हणायचे. माणसं सोन्यासारखी. पम्मीला मी पहिल्याच आठवड्यात माझ्या सोलापुरी हिंदीत बजावलं होतं, "इसको दाना बिलकुल नहीं चलता. दाने का कूट भी नहीं. गला बंद होता है." पम्मीनं कानाला हात लावून म्हटलं, "बिलकुल नहीं दूंगी भाभीजी, पक्का." झालं! माझी काळजी मिटली. मूंगफली हा शब्द मी ऐकला होता, पण मला वाटायचं मुगाच्या शेंगा. मूंग... फली... तुम्हीच सांगा, मराठी माणसाला दुसरं काय वाटणार?

थंडीला नुकती सुरुवात झालेली. एका रविवारी सकाळी दोन्ही घरं मिळून सुखना लेकवर गेलो. गेटवर पोलिसांनी आमचे डबे उघडून बघितले. पम्मीच्या डब्यात पिन्न्या होत्या, म्हणजे कणकेचे, तुपातले, भरपूर डिंक घातलेले लाडू. हवालदार म्हणाला, "वाह जी!" आणि त्याच्याही हातावर एक ठेवली गेली.

ऊन छान पडलं होतं, पलीकडे डोंगर स्वच्छ दिसत होते. बलबीरजींनी वल्ह्यांची होडी घेतली. ते, पम्मी, त्यांची दोन मुलं आणि मुक्ता असे गेले. मला पाण्याची भीती, ह्यांना वल्ही मारायचा कंटाळा. आम्ही दोघं बीजींबरोबर काठावरच्या बाकावर चहा पीत बसलो. निघताना मुक्तानं विचारलं, "मम्मी, पम्मी आंटी का डिब्बा लावारिस नहीं है ना?" मी हसले. म्हटलं, "नाही गं, त्यांचं खा तू बिनधास्त."

होडी लांब गेली. पार मध्यावर, माणसं बोटाएवढी दिसायला लागली.

मग बीजींनी प्रेमानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तेरी कुड़ी वास्ते मैं छोल्यां विच अनारदाना नहीं पाया." तुझ्या पोरीसाठी छोल्यांत अनारदाना, म्हणजे डाळिंबाचे वाळवलेले दाणे, घातला नाही, असं.

मी म्हटलं, "अनारदाना? अनारदाना तो चलता है उसको..."

"पम्मी कहंदी सी, दाना नहीं खांदी."

म्हणजे पम्मीला दाना म्हणजे अनारदाना वाटला होता! विचारलं, पिन्नीत काय काय घातलंय? बीजी कौतुकानं सांगायला लागल्या — आटा, घिओ, गुड़, गोंद, आणि वर मूंगफली कुट्ट के. आणि 'कुट्ट के' म्हणताना त्यांनी मुठीनं कुटून दाखवलं. ते मुगाचं नव्हतं हो! मुगाचं कूट कोण लाडवात घालेल? समोरच्या बाकावर एकजण टरफलं सोलत बसला होता, बीजींनी त्याच्याकडे बोट केलं. "ओही. मूंगफली."

मी उठले. कप हातातून पडला. हाक मारायला तोंड उघडलं आणि... आवाजच फुटेना. देवाशपथ सांगते, घसा माझाच बंद झाला. हे विचारतायत, "अगं काय झालं?" आणि माझ्या तोंडून नुसती हवा. मुक्ताच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये, माझी पोर पाण्याच्या मधोमध, आणि मीच तिला 'बिनधास्त खा' म्हणून पाठवलेलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "ती बघ, येतायत की परत."

खरंच. होडीचं तोंड आमच्याकडे होतं. आणि आत्ता वळलेली नव्हे — निम्मं अंतर कापून आली होती. बलबीरजी जिवाच्या आकांतानं वल्ही मारत होते. मला वाटलं, संपलं. मी पर्समधल्या गोळ्या काढून कठड्याशी उभी राहिले.

होडी लागली आणि मुक्ता टुणकन उडी मारून बाहेर आली. ओठ बघितले, मान बघितली, पोट उघडं करून बघितलं. काही नाही! एक गांधी नाही. मी तिला असं आवळलं की ती ओरडली, "मम्मी, छोड़ो ना!"

बलबीरजी धापा टाकत होते. चेहरा उतरलेला. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "पुलिस किधर है? मुझे किसने बुलाया?"

"किसीने नहीं बुलाया," हे म्हणाले.

"नहीं भाई साहब. किसीने जोर से आवाज मारी, सिंघा! मैंने उसी वक्त बोट मोड़ ली. आजकल के हालात में सरदार को कोई पीछे से आवाज मारे ना, तो रुक जाना ही ठीक है." बलबीरजींनी हे हसत सांगितलं, पण नजर अजून पोलीस शोधत होती. ते वाक्य माझ्या अजून मनातून गेलेलं नाही. रविवारी पोरांना होडीत फिरवणारा माणूस, आणि एका हाकेनं त्याला पोलिसांची केवढी धास्ती!

पम्मी म्हणाली, "लेडीज आवाज थी जी. कोई बुज़ुर्ग औरत. पर एक बार को मुझे लगा, भाभीजी हैं."

मग मुक्ता बोलली. "मम्मी ही तो थी! मैं पिन्नी खाने वाली थी, मम्मी ने चिल्लाया — शेंगा हायत त्यात, टाक! मैंने पानी में फेंक दी." आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "मम्मी, तुम्हारे गले को क्या हुआ था? बुढ्ढी जैसा बोल रही थी."

शेंगा. बलबीरजींना ऐकू आलं सिंघा, पोरीला शेंगा. हाक एकच. त्यांनी होडी वळवली आणि हिनं लाडू टाकला. पण मी हाक मारलीच नव्हती! ती हाक ऐकू आली तेव्हा मी बाकावर चहा पीत होते, मला पिन्नीत काय आहे याचा पत्ताही नव्हता. मी गप्प बसले होते याला बीजी साक्षी आणि हेही साक्षी. "तू गप्प बसलेली मी विसरेन होय?" असं हे अजून म्हणतात.

ह्यांचं स्पष्टीकरण तयार होतं. म्हणाले, "पाण्यावर आवाज लांब जातो. पलीकडच्या काठावर कुणीतरी कुणा सरदारजीला हाक मारली असेल, पोरीनं शेंगा ऐकलं." मग 'हायत त्यात, टाक' कुठून आलं? आणि होडीतल्या तिघांना ऐकू आलेली हाक काठावर एकालाही कशी ऐकू आली नाही? तरी मी विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर मला स्पष्टीकरण नकोच होतं, पोर धडधाकट होती, पुरे. संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. पम्मी येऊन रडली, मीही रडले, आणि तिनं मला मूंगफली हा शब्द शाळेतल्यासारखा दहा वेळा म्हणायला लावला. पुढे आमची बदली झाली. पम्मीची पत्रं बरीच वर्षं येत होती.

आता क्रूझ.

मुक्ता आता मोठी बाई आहे, नोकरी, संसार, पर्समध्ये कायम ते इंजेक्शनचं पेन. तिनंच आम्हा दोघांना नेलं. अॅलर्जीचं सगळं आधी कळवून ठेवलेलं. पहिल्याच जेवणाला मुख्य आचारी स्वतः टेबलापाशी आला, काय चालतं, काय नाही, सगळं समजावून घेतलं. हिचं ताट वेगळं, डाव वेगळा. बुफेमध्ये प्रत्येक पदार्थावर चिठ्ठी. मी म्हटलं, वा! आमच्या वेळी 'दाना नहीं चलता' एवढ्यावर सगळं भागवावं लागायचं.

पण आपली मराठी माणसं! जगाच्या पाठीवर कुठेही जाऊ देत, बॅगेत खाऊचा डबा असणारच. तिसऱ्या दिवशी दुपारी डेकवर एक हौशी काकू भेटल्या, लगेच गट्टी जमली, लगेच डबा उघडला. मुक्तानं रीतसर विचारलं, "काकू, दाणे नाहीत ना यात?" "छे गं, डिंकाचे आहेत!" मी लांब कठड्यापाशी उभी होते. वाऱ्याबरोबर वास आला. भाजलेल्या शेंगांचा वास सोलापूरच्या नाकाला चकवू शकत नाही. काकू खोटं बोलत नव्हत्या हो, आपल्याकडे कूट हे घातलं असं धरतच नाहीत, ते असतंच! आणि मुक्ताचा हात तोंडाशी गेलेला...

"शेंगा हायत त्यात, टाक!"

अख्खा डेक माझ्याकडे वळून बघायला लागला. मुक्ताच्या हातातून लाडू पडला. मी धावत गेले, "खाल्लास? मुक्ता, बोल!" तिनं मान हलवली. नाही खाल्ला. पण ती लाडवाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, चेहरा पांढराफटक.

"मम्मी... यही थी."

"काय?"

"वही आवाज. लेकवाली. बिलकुल यही."

दोन वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज बसलाय. घोगरा, जाडा. म्हातारीचा झालाय, पण त्या आवाजात मी पहिल्यांदाच ओरडले होते. सुखनाच्या काठावर तोंड उघडून उभी राहिलेली मी आठवली, आणि घशातून न निघालेली ती हाक.

याचा अर्थ काय, मला सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आला तर जरूर सांगा, पण त्यावाचून माझी झोप उडालेली नाही. उलट इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

त्या दिवशी डेकवर मी ह्यांना विचारलंच, "आता काय म्हणणं आहे तुमचं?" ह्यांनी समुद्राकडे बोट केलं. मग म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. पाण्यावर आवाज लांब जातो."

मुक्ता हसायला लागली, आणि मग मी रडत रडत हसले.