ओंजळभर तळ्याचं पाणी

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहायची माझी लायकी नाही, माफ करा. पण गावतळ्यावरचे ते म्हातारे काका डोळ्यांपुढून हलत नाहीत.

लातूर नुकताच जिल्हा झालाय. यंदाच्या दुष्काळात चाकूरकडच्या आमच्या गावतळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं. काका तिथले मासे राखायचे. रोज सकाळी ओंजळभर पाणी चाखून म्हणायचे, "गोड हाय. लेकरं खुशाल हायेत."

त्याच पाण्यात गाव फवारणीचे पंप धुवायचं. आमचा पंप मी धुवायचो. वर्गात त्या औषधांचं ऐकल्यावर मी भीत भीत म्हणालो, "काका, चाखू नका."

ते हसले. "कॉलेजानं भित्रं केलं रे तुला! मासा पितो ते मला नको व्हय?"

पंप मीही धुतो, हे सांगायचं धाडस झालं नाही. आमची विहीर आटलेली. रविवारी पंप तळ्यातच धुऊन मी एसटीत बसलो.

काल गावचा माणूस वसतिगृहावर आला. "मासे मरून वर आले. फुकटचे म्हणून लोकांनी पाट्या भरून नेले. काकानं पाणी चाखलं अन् थुंकलं. मग घरोघर पळत कालवणं उलथत राहिला."

"आमच्या घरी?"

त्यानं मान खाली घातली. "तुमचं घर शेवटचं. तवर जेवणं झाली होती."